रकाना सातवा : काम करण्याची जागा

माझ्या नोकरीला धड नाव नव्हते. पगारपत्रकावर 'कारकून' असे लिहिलेले असायचे, पण मी खुर्चीवर क्वचितच सापडे. शहरात काही मोजायचे निघाले की मला बाहेर काढत. मी सोलापुरातल्या विहिरी मोजल्या, म्हशी मोजल्या, देवी टोचलेली मुले मोजली, एका वर्षी तर भटकी कुत्रीसुद्धा मोजली. कुत्र्यांचे काम त्यातल्या त्यात सोपे गेले. त्यांना प्रश्न विचारायचे नव्हते.

माणसांना प्रश्न विचारणे हा अवघड धंदा आहे. ज्यांनी तो केलेला नाही त्यांना वाटते, दारात उभे राहायचे, विचारायचे, लिहून घ्यायचे, झाले. प्रत्यक्षात दारात उभा असलेला काळ्या टोपीवाला म्हणजे कर, प्लेग किंवा पोलीस यांपैकी काहीतरी आहे, हे लोक धरूनच चालतात. मग तुम्ही काहीही विचारा, ते त्या तिघांपैकी एकाला उत्तर देत असतात. त्यातून खरे शोधून रकान्यात बसवायचे. या कामात मी चांगला होतो, असे मला निवृत्त होईपर्यंत वाटत होते आणि अजूनही अधूनमधून वाटते. पण एक पाहणी अशी झाली की तिच्यात मी आत शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही. तीच सांगतो.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ आला त्याच्या आदल्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. वरून एक फर्मान आले. मुंबई, अहमदाबाद, पुणे, सोलापूर अशा मोठ्या शहरांतून किती माणसे घरी बसून काम करतात आणि किती कामासाठी घराबाहेर जातात, हे सरकारला हवे होते. का हवे होते ते आम्हाला कोणी सांगितले नाही. छापील तक्ते आले. त्यात सातवा रकाना होता, 'काम करण्याची जागा'. त्यात दोनच शब्दांपैकी एक लिहायचा, घर किंवा कारखाना. दुकान, शेत, रस्ता, सगळे कारखान्यात धरायचे.

आमच्या हेडक्लार्कांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांना मी विचारले, "घर म्हणजे काय धरायचं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अहो, नोकरीला किती वर्षं झाली तुम्हाला? माणूस जिथं जेवतो आणि झोपतो ते घर. जिथं राबतो तो कारखाना. यात विचारायचं काय?"

मलाही त्या घटकेला यात विचारण्यासारखे काही नाही असेच वाटले.

पहिल्याच दिवशी साखर पेठेकडच्या एका गल्लीत गेलो. गल्लीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातमागाचा ताणा पसरला होता. सुताला खळ लावून कुंच्याने सारखी करायची असते, त्याला पाजणी म्हणतात. एवढे लांब सूत घरात मावत नाही, म्हणून ते रस्त्यावर ताणतात. दोन्ही बाजूंना नवरा, बायको, सासरा, सून, सगळे कुंचे घेऊन पुढे-मागे धावत होते. मी तक्ता काढला. ही माणसे घरी काम करतात की बाहेर?

"घरी की," सासरा धावता धावताच म्हणाला.

"पण आत्ता तर रस्त्यावर आहात."

"आमच्या दारासमोर हाय की रस्ता."

मी 'घर' लिहिले. पुढच्या वळणावर एक शिंपी दुसऱ्याच्या ओट्यावर मशीन टाकून बसला होता आणि त्याच ओट्यावर झोपतही होता. त्यालाही 'घर' लिहिले. ज्याचा ओटा होता तो म्हणाला, "हे माझं घर हाय, त्याचं कसं लिवताय?" तेव्हा खोडून 'कारखाना' केले. मग शिंपी रडकुंडीला आला, कारखाना म्हटल्यावर कर बसेल म्हणून. पुन्हा 'घर' केले. तक्त्याला त्या जागी भोक पडले.

संध्याकाळी घरी आलो तर आमची मंडळी मांडीवर पोळपाट घेऊन पापड लाटत होती. शेजारच्या दोन वकिलांकडचे पापड ती वर्षानुवर्षे करून देई. मी दिवसभराची रड सांगितली. ती म्हणाली, "मग माझं काय लिहिलंत?"

"तुझं काय लिहायचं? तुझ्या रकान्यात 'काम नाही'."

तिने पुढची लाटी पोळपाटावर घेतली. पण त्या रात्री भाजीत मीठ नव्हते, आणि मी ते मागितलेही नाही.

दोन महिन्यांनी सगळ्या शहरांच्या कारकुनांना पुण्याला एकत्र बोलावले. मला वाटले होते, गोंधळ माझ्या एकट्याच्याच डोक्यात आहे. तिथे पाहतो तर सगळेच डोके धरून बसलेले. मुंबईचा म्हणाला, त्याच्या वॉर्डात माणसे दुकानाच्या फळीवर झोपतात आणि सकाळी तीच फळी पुसून तिच्यावर माल मांडतात. अहमदाबादचा म्हणाला, त्याच्याकडे बायका गिरणीतले काम घरी आणतात, म्हणजे बाई घरात आणि काम गिरणीचे. पुण्याच्या कारकुनाने एका शास्त्रीबुवांचा तक्ता दाखवला. ते वेद शिकवत ते देवळाच्या ओवरीत, जेवत ते यजमानाकडे आणि झोपत पुन्हा ओवरीत. साहेब आले, इंग्रजीत अर्धा तास बोलले, आणि शेवटी म्हणाले की मोठ्या शहरांतून घरी काम करणाऱ्यांचे प्रमाण हे प्रगतीचे माप आहे. जास्त असले तर प्रगती की कमी असले तर, ते विचारण्याची हिंमत आमच्यापैकी कोणाला झाली नाही. चहा घेऊन आम्ही पांगलो.

परत आल्यावर मला मागवाल्यांच्या मोठ्या जागा मिळाल्या. परगावच्या वाचकासाठी त्या जागांविषयी थोडे सांगायला हवे. सोलापुरात ज्याचा स्वतःच्या घरात स्वतःचा एक-दोन माग आहे असा विणकर होताच. पण ज्याच्याकडे वीस-पंचवीस माग आहेत असा मालकही होता. तो आपल्या लांबलचक पत्र्याच्या घरात माग बसवी आणि तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे त्या मागांवर ठेवी. हातमाग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीवर बसतो आणि खालच्या पावड्या आळीपाळीने दाबतो. दोन खड्ड्यांमध्ये चार हात जागा राही. त्या चार हातांत त्या कुटुंबाची चूल, हंडा, वळकटी, पाळणा. नवरा विणी, बायको रहाटावर सुताच्या कांड्या भरून त्याला देई. लग्ने तिथे ठरत, पोरे तिथे जन्मत, माणसे तिथेच मरत.

अशाच एका जागेत मल्लय्या आणि नरसम्मा राहत होते. मल्लय्या चाळिशीचा, उंच, मागावर बसून पाठीला बाक आलेला. नरसम्मा त्याच्याहून बरीच लहान. मागाच्या लाकडाला झोळी बांधलेली, तिच्यात चार महिन्यांची मुलगी. आत पंचवीस मागांचे धोटे एकदम खडखडत होते, त्यामुळे मी ओरडून विचारत होतो आणि ते ओरडून सांगत होते.

"काम करण्याची जागा?"

"घर!" मल्लय्या म्हणाला. मग माग थांबवून, खड्ड्यातून पाय वर काढून माझ्याजवळ आला. "साहेब, घरच लिवा. लोक म्हंत्यात, कारखाना लिवला की तितं झोपायला बंदी येणार. मग आमी कुटं जायचं? हितं चौदा वर्सं झाली मला. हा माग माझ्या हाताचा हाय. घरच हाय की हे."

जेवतो तिथे, झोपतो तिथे. भाऊसाहेबांच्या नियमात चपखल बसत होते. मी 'घर' लिहिले. दुसऱ्या ओळीत बायकोचे नाव घातले आणि सवयीने तोच शब्द लिहायला गेलो. तेवढ्यात मालकाच्या माणसाने मल्लय्याला रंगाऱ्याकडे सूत आणायला हाक मारली. तो गेला. नरसम्मा रहाट सोडून माझ्याकडे आली.

"माझं तसं लिवू नका."

"कसं?"

"घर न्हाय हे. कारखाना लिवा."

"अहो बाई, तुमच्या नवऱ्यानं..."

"त्यांचं त्यांनी सांगितलं. माझं मी सांगत्ये की." ती अजिबात चिडलेली नव्हती, हे मला चांगले आठवते. एखाद्या दुकानदाराला नीट समजावून सांगावे तशी बोलत होती. "घराला दार असतंय, साहेब. लावता येतं. हितं मला बाळंतपणात पडदा धरला दोघींनी, आन् पलीकडं माग चालूच. पोरगी रातच्याला रडली तर मालक म्हंतो, जागीच हाय तर कांड्या भर. घर हाय म्हणून कवाबी उठिवतो. कारखान्यात भोंगा झाला की बंद हुतंय म्हंत्यात. खरं हाय का?"

"गिरणीत होतं."

"मग कारखाना लिवा."

माझ्या नोकरीच्या काळात आपली ओळ आपण स्वतः सांगणारी बाई मला तोवर भेटली नव्हती. नियमाप्रमाणे ती चूक होती. तीही तिथेच जेवत होती आणि तिथेच झोपत होती. पण तक्त्यावर वर ठळक छापले होते, 'प्रत्येक व्यक्तीचे उत्तर तिच्याच तोंडून घ्यावे'. मी तिच्या ओळीत 'कारखाना' लिहिले. एका चार हातांच्या जागेत नवरा घरी काम करत होता आणि त्याला कांडी पुढे करणारी बायको कारखान्यात. लिहिताना मला हसू आले. कुठेतरी अभिमानही वाटला, ते कशाला लपवू.

आता पुढचे नीट सांगतो, कारण ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आमच्या कामाचा शेवटचा भाग म्हणजे वाचून दाखवणे. लिहिलेले सगळे कुटुंबप्रमुखाला वाचून दाखवायचे आणि त्याचा अंगठा किंवा सही घ्यायची. कुटुंबप्रमुख कोण, तर ज्या घराला एक दार त्याचा एक प्रमुख. म्हशी मोजताना तो नियम बरा होता. या पत्र्याच्या लांबलचक घराला दार एकच होते. म्हणून त्या सगळ्या कुटुंबांचा प्रमुख मालक ठरला. मी त्याच्या बैठकीवर जाऊन बसलो. त्याने ताक दिले. बाहेर ऊन मी म्हणत होते. मी वाचायला लागलो. ज्यांनी असली वाचने केली आहेत त्यांना माहीत आहे, दहा-वीस ओळींनंतर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो. नाव, वय, धंदा, जागा. नाव, वय, धंदा, जागा.

"नरसम्मा मल्लय्या, वय तेवीस, कांड्या भरणे, कारखाना."

मालकाने पान लावता लावता हात थांबवला. "काय म्हणालात?"

मी पुन्हा वाचले. अगदी स्पष्ट वाचले. आणि वर एक वाक्य माझ्या पदरचे घातले, "ती म्हणते घराला दार असतं, इथं ते लावता येत नाही."

का घातले? मला त्यातली गंमत सांगायची होती. एवढेच. एक शहाणी बाई भेटली, तिचे बोलणे दुसऱ्याला सांगावेसे वाटले. मालकही हसला. "हुशार हाय की बाई," म्हणाला आणि सही केली. मी समाधानाने छत्री उचलून निघालो.

आठ-दहा दिवसांनी भाऊसाहेबांनी तो तक्ता माझ्यापुढे टाकला. "हे काय? एका चुलीवरची दोन माणसं, एक घरी आणि एक कारखान्यात? वर पाठवलं तर साहेब मला वेड्यात काढतील. जा, दुरुस्त करून आणा."

मी गेलो. मल्लय्याच्या मागावर दुसराच माणूस बसला होता. रहाटावर दुसरीच बाई. झोळीही निराळ्या रंगाची. मी काही विचारायच्या आत नवा माणूस म्हणाला, "घर! घर लिवा साहेब!"

मालक बाहेर आला. आवाज अगदी गोड. "मल्लय्या गेला की. त्याच्या बायकोला हे घर वाटंना, मग मी म्हटलं, जिथं घर हाय तितं जावा बाबा. कुणाला कोंडून कशाला ठेवायचं?" आणि मला पुन्हा ताक विचारले.

तेव्हा मला कळले. तो माणूस हसला होता तेव्हाच कळायला हवे होते. मी तिथून कसा बाहेर पडलो आठवत नाही. कचेरीत जाऊन मी काय केले ते आठवते. तक्त्यावर 'कुटुंब स्थलांतरित' असा शेरा मारला आणि नव्या कुटुंबातल्या दोघांच्याही ओळीत 'घर' लिहून भाऊसाहेबांना दिले. ते म्हणाले, "बघा, किती स्वच्छ झालं!"

मी त्या दोघांना शोधू लागलो. शोधून काय करणार होतो, मलाच माहीत नव्हते. वरच्यांनी सांगितले नव्हते आणि तक्त्यातही काही भरायचे उरले नव्हते. दोन-अडीच महिन्यांनी एका गिरणीमागच्या चाळीत ते सापडले.

एक खोली होती. तिला दार होते, कडीसुद्धा होती. दुपारची वेळ होती. मल्लय्या उंबऱ्यापुढच्या कट्ट्यावर पाय खाली सोडून बसला होता. मुलगी आत निजली होती. त्याने मला ओळखले, उठला, पाणी दिले. नरसम्मा गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली होती.

"आणि तुम्ही?" मी विचारले.

"गिरणीत आठ दिवस घेतलं, साहेब. हात बसंना. ते माग आपलेआपण पळत्यात, मी नुसता बघत राहायचो. सोडून दिलं त्यांनी." मग तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या मालकाकडं गेलो तर म्हंत्यात, तुझी बायको सरकारात तक्रारी सांगती."

"घरातच माग टाकायचा," मी म्हणालो. बोलायचे म्हणून बोललो.

"खड्डा पायजे की. चाळवाला जमीन खणू देत न्हाय."

तो पुन्हा कट्ट्यावर बसला. पाय खाली सोडले. आणि मी पाहत होतो, त्याचे पाय आळीपाळीने हलत होते. एक खाली, दुसरा वर. खाली हवेत काही नव्हते. त्याचे त्याच्याकडे लक्षही नव्हते. मला तिथे बसवेना, पण उठवेनाही.

भोंगा झाला. थोड्या वेळाने नरसम्मा आली. केसांत कापसाचे तंतू, चेहरा थकलेला. तिने आधी आत जाऊन पोरीला घेतले, मग बाहेर आली. मला पाहून तिला आनंद झाला, तो खरा आनंद होता.

"बघा की साहेब, दार," ती म्हणाली आणि दाराला हात लावून दाखवला. मग हळू आवाजात, नवऱ्याला ऐकू जाणार नाही असे, "दोन महिने झाले, बोलत न्हाईत माझ्यासंगट. म्हंत्यात, तूच मालकिणीपुढं बडबडलीस. मी देवाशपथ त्यांच्याशिवाय कुणाला बोलले न्हाय. मला वाटतं, त्यांनीच कुटंतरी बोलून दाखिवलं आन् आता माझ्यावर घालत्यात."

मल्लय्या कट्ट्यावरून आमच्याकडे पाहत होता. बाई काय बोलते हे त्याला कळत होते, तेही मला दिसत होते.

"तुमी शिकलेले हाय," ती म्हणाली. "तुमाला काय वाटतं? मालकाला कुणी सांगितलं असंल?"

ती माझ्यावर संशय घेऊन विचारत नव्हती. तिच्या डोक्यात ते यायला जागाच नव्हती. सरकारी माणूस लिहून घेतो, तो कशाला सांगेल. तो तर तिचे ऐकणारा पहिलाच माणूस होता. एक वाक्य बोलायचे होते. 'बाई, मी सांगितलं.' एवढ्याने त्या दोघांमधले ते दोन महिने मिटले असते. मला माहीत होते. त्या घटकेलाही पक्के माहीत होते. मी इतकी वर्षे लोकांच्या दारात उभा राहून त्यांच्याकडून खरे काढून घेत होतो.

"काय की, बाई," मी म्हणालो.

आणि छत्री उचलून चाळीतून बाहेर पडलो.